पान चाखणारे हसनचाचा

हसनचाचा परकारांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते कण्हेरीचं पान चाटत होते. पान दोन बोटांत धरलेलं, डोळे मिटलेले, जीभ जराशी बाहेर. पुण्याहून कुवेतमधल्या अहमदीला येऊन मला तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते. तेलाच्या गावातल्या साहेबलोकांच्या बंगल्यांच्या बागा राखायचा ठेका आमच्या मालकाकडे होता आणि त्याच्या नर्सरीत मी कारकून-टायपिस्ट म्हणून रुजू झालो होतो. हा म्हातारा वेडा आहे, असं मी मनात धरलं आणि पुढे चालू लागलो.

“भाऊ, थांबा,” ते डोळे न उघडताच म्हणाले. “मीठ हाय. रात्री कुनी तरी वरनं पानी मारलान.”

तिथे समुद्राचं पाणी उकळून केलेलं गोडं पाणी माणसांना मिळायचं आणि झाडांना विहिरीचं मचूळ. ते मुळाशी घातलं तर झाड कसंबसं सोसतं. पानांवर मारलं तर पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं आणि पानाच्या कडा करपतात. हे सगळं चाचांनी मला त्या दिवशी उभ्या उभ्या सांगितलं. मग म्हणाले, “ही कन्हेर जहर हाय. हिला नुसती जीभ लावायची नि थुकायचा. तुमी नका करू.”

पुढे कळलं की त्यांच्या लेखी पांढरं पान तीन प्रकारचं. धूळ असेल तर दाताखाली करकरतं. मीठ असेल तर जिभेला कळतं. आणि ज्याला काहीच चव नाही, कच्च्या पिठासारखं जे टाळ्याला चिकटतं, ती भुरी. ती नुसती पांढरी पूड नव्हे, बुरशी आहे. ती पानावर जगते आणि पानालाच खाते. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. पंधराव्या वर्षापासून ते दुसऱ्यांच्या आंब्यांच्या बागा राखत आले होते. मोहरावर भुरी पडली की वर्षाचं पीक कसं हातचं जातं, हे त्यांनी पाहिलं होतं. कुवेतला ते खलाशी म्हणून आले, पण समुद्र मानवला नाही म्हणून पुन्हा झाडांकडे वळले.

नर्सरीला ते वाडी म्हणायचे. वाडी म्हणजे काय, तर वाळूत खुंट पुरून वर खजुराच्या झावळ्या टाकलेला एक लांबडा मांडव आणि घासलेटच्या कापलेल्या डब्यांत लावलेली दोनेकशे रोपं. पहाटेची नमाज झाली की चाचा मांडवात हजर. आमचं ऑफिस सातला उघडे, तोवर त्यांची प्रत्येक रोपाशी एकेकदा भेट झालेली असे. छाटायचा चाकू एका झाडावरून दुसऱ्याकडे नेताना काडी ओढून त्याचं पातं शेकायचे. झाडासमोर रोग हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. “पाव्हना आलाय,” म्हणायचे आणि मला बाहेर नेऊन मग काय ते सांगायचे. मी यावरून त्यांची पुष्कळ चेष्टा केली. झाडांना मराठी कळतं, तर इंग्रजी का कळू नये, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, “विलायती झाडाला कलत आसंल. आमची गावठी.”

इंग्रजी त्यांना अजिबात येत नव्हतं. साहेबांचा हुकूम, मालाची यादी, दारावर ठोकलेली नोटीस, जे काही इंग्रजीत असेल ते सकाळच्या चहाला मी वाचून दाखवायचं आणि त्यांचं म्हणणं मी साहेबांना सांगायचं, असं पहिल्या महिन्यातच ठरून गेलं. मी भाषांतर करू लागलो की ते माझ्याकडे बघत नसत. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत. मी एकदा कारण विचारलं. “गोस्ट पोचली की तोंड हालतंच,” म्हणाले. “तुमी काय बोलताव ता मला कलत नाय. तोंड कलता.”

आमचे साहेब, म्हणजे वाडीवर देखरेख करणारे तेल कंपनीचे इंग्रज अधिकारी, उंच, अबोल, उन्हाने लाल झालेले. त्यांची बायको, जिला आम्ही मॅडम म्हणायचो, ती एका वर्षी रजेवरून परतली ती बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात ओली वाळू आणि वाळूत ओकच्या झाडाची चौदा फळं. ओक हे आमच्याकडे आडनाव. झाडही असतं हे मला त्या दिवशी कळलं. मॅडमने मला बोलावून घेतलं आणि हसनला नीट समजावून सांग म्हणाली. हा ओक तिच्या वडिलांच्या घरामागे आहे. तिचा एकुलता एक मुलगा त्याच्या फांदीला बांधलेल्या झोक्यावर खेळायचा. मुलगा तापाने गेला. आता घरही विकलं गेलं आहे आणि नवा मालक झाड तोडणार आहे. एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघू लागली.

मी सांगितलं. चाचा तिच्या तोंडाकडे बघत होते. “केवढा हुता?” त्यांनी विचारलं. सहा वर्षांचा, मी म्हणालो. दोन्ही हात पुढे करून त्यांनी तो डबा घेतला आणि छातीशी धरून मांडवाकडे नेला.

त्या वाळवंटात विलायती ओक लावणं हा शुद्ध वेडेपणा होता. साहेबांना ते ठाऊक होतं, मला होतं आणि चाचांना तर सगळ्यांत जास्त होतं. तरी हिवाळ्याच्या अखेरीस चौदांपैकी नऊ उगवली. चाचा त्यांना पोरं म्हणू लागले. इतर रोपांना त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं.

एप्रिलमध्ये लागोपाठ तीन दिवस तोझ आला. तोझ म्हणजे तिथलं धुळीचं वादळ. दिवसाढवळ्या दिवे लावावे लागतात आणि दातांखाली वाळू येते. तो ओसरल्यावर पाहतो तर ओकच्या कोवळ्या पानांवर पांढरे ठिपके. साहेब म्हणाले, धूळ आहे, पाइपने धुऊन काढा. चाचांनी एक पान तोडून जिभेवर ठेवलं. मग माझ्या दंडाला धरून मांडवाबाहेर नेलं.

“भाऊ, साहेबाला सांगा, ही भुरी हाय.”

साहेबांना पटेना. सगळ्या मुलखावर धूळ बसलेली असताना याच नऊ रोपांवर बुरशी कशी? चाचांनी दोन दिवसांची मुदत मागितली. ओकचं एक पान आणि शेजारच्या कण्हेरीचं एक धुळकट पान त्यांनी ओल्या फडक्याने पुसलं. कण्हेरीचं पान लख्ख हिरवं झालं. ओकचं पुसलं गेलं, पण खाली पिवळट डाग राहिला आणि कडा आत वळलेल्याच राहिल्या. मग दोन्हींवर मलमलीचा तुकडा सैलसर बांधला, नवी धूळ बसू नये म्हणून. तिसऱ्या दिवशी साहेबांसमोर तुकडे सोडले. कण्हेर हिरवी होती. ओकचं पान पुन्हा पांढरं झालं होतं. साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं आणि, काय करायचं ते करू दे त्याला, एवढंच म्हणाले.

चाचांनी जे केलं ते बघायला कठीण होतं. आधी डबे दोन-दोन हात लांब ठेवले. मांडवाच्या झावळ्या विरळ केल्या, म्हणजे सकाळचं ऊन आणि वारा आत यावा. शेणखत बंद केलं, कारण त्याने कोवळी पालवी फुटते आणि भुरीला कोवळंच लागतं. मग चाकू शेकून एकेका रोपाचा पांढरा शेंडा छाटला, खाली गळलेलं पान अन् पान वेचलं आणि सगळं खड्ड्यात जाळलं. मॅडम आली तेव्हा नऊच्या नऊ रोपं बोडकी उभी होती. ती तिथल्या तिथे रडू लागली. चाचा मला म्हणाले, “केस कापलेत म्हनावं. पोराचं केस परत येतात.” मी तसंच सांगितलं. ती रडता रडता हसली आणि चाचांचाही चेहरा सैल झाला.

नवी पालवी आली की रोज पहाटे ते मलमलीच्या पुरचुंडीत गंधकाची पूड घेऊन काठीने हलकेच टकटक करायचे. पिवळा धुरळा पानांवर बसायचा. भुरी मागे हटली. महिनाभर सगळं छान चाललं होतं.

चूक झाली ती कोकणातल्या माणसाच्याच हातून होणारी. मोहरावर गंधक मारतात ते थंडीच्या दिवसांत; ऊन वर आलं तरी तिथे काही बिघडत नाही. मे महिन्यात एके दिवशी चाचांना बरं वाटत नव्हतं म्हणून ते पहाटेऐवजी आठ वाजता आले. एक दिवसही चुकवायचा नाही म्हणून त्यांनी गंधक मारलं. दहाला ऊन असं तापलं की पत्र्याच्या डब्यांना हात लागेना. तापल्या गंधकाने पानं भाजून निघाली. संध्याकाळपर्यंत तीन रोपं वरपासून खालपर्यंत काळी पडली, ती पुन्हा उठली नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाचा स्वतः बंगल्यावर गेले. मला बरोबर नेलं. पायऱ्यांखाली उभे राहून म्हणाले, “सांगा, तिघं मेली. मी मारली. पहाटंची वेल चुकली माजी.”

साहेब आधीच संतापलेले होते. पुढच्या बोटीने याला परत पाठवतो, असं त्यांनी सकाळीच ऑफिसात म्हटलं होतं. मी म्हणालो, मॅडम, उन्हामुळे तीन रोपं गेली, हसनला फार वाईट वाटतंय. मॅडमने मान हलवली, उन्हाला कोण काय करणार, म्हणाली. चाचा तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

“भाऊ, तुमी बराबर सांगितलांत नाय.”

“परत सांगा,” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. मी पुन्हा सांगितलं. या वेळी शब्दाला शब्द. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती आत निघून गेली. चाचांनी तेव्हा कुठे सुस्कारा टाकला. परतताना मी चिडून म्हणालो, तुम्हाला वाचवायला गेलो होतो. ते म्हणाले, “तुमी माजी जीब हाव इथं. जिबंनंच खोटा बोलला तर मी काय करू?”

दुसऱ्या दिवशी मॅडम वाडीत आली. साहेब याला पाठवणार नाहीत, असं तिने मला सांगितलं. माझ्याशी खरं बोलणारा इथे हा एकटाच आहे, हेही सांग म्हणाली. मी सांगितलं. चाचांनी खाली बघितलं आणि म्हणाले, “ऱ्हायलेली सहा जगली पायजेत.” बस, त्या उन्हाळ्यात त्यांना दुसरं काही सुचलं नाही. ओल्या गोणपाटाचे पडदे केले, आपली खाट मांडवाला लागून आणली, जेवायलाही तिथेच बसत. सप्टेंबर उलटला तेव्हा सहाच्या सहा जिवंत होती आणि चाचा निम्मे झाले होते.

आता पुढचं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

ऑक्टोबरमध्ये पानांच्या पाठीवर लाल कोळी, पानाचा रस शोषणारे बारीक किडे, दिसू लागले. साहेबांनी एक नवं फवारायचं औषध मागवलं होतं. ते गुरुवारी दुपारी फवारलं. चाचा त्या दिवशी अर्धी रजा घेऊन शर्कला, कुवेत शहरातल्या बंदराकडे, गेले होते. गावचा एक खलाशी पडावावर आला होता, त्याच्यापाशी घरी पाठवायचं पत्र द्यायचं होतं. साहेबांनी मला नोटीस सांगितली, मी टाइप केली. औषध जहाल विषारी आहे, आठ दिवस फवारलेल्या रोपांना हात लावू नये, सर्व माळ्यांना तोंडी कल्पना द्यावी. खाली ओळ होती, सर्वांना कळवले आहे. तिथे माझी सही. कारकुनाची ही सवय नोकरीइतकीच जुनी असते. सही आधी, काम मागाहून. तीन माळी हजर होते, त्यांना मी सांगितलं. एक प्रत दारावर ठोकली. चाचा राहिले. शुक्रवारी सुट्टी, वाडी बंद. उन्हाळा सरल्यावर चाचा पुन्हा आपल्या खोलीत झोपू लागले होते आणि ती माझ्या खोलीपासून पाच मिनिटांवर होती. मी दिवसभर लोळलो, कपडे धुतले, पत्ते खेळलो. शनिवारी चहाला सांगू, असं एकदा मनात आलंही होतं.

शनिवारी चाचा नेहमीसारखे पहाटे आले. दारावर कागद होता, पण दारावर कागद कायमच असायचा. आत सहा रोपांची पानं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली. औषध वाळलं की तसंच दिसतं. त्यांनी जीभ लावली असणार. चव ओळखू येईना म्हणून दुसरं पान चावून पाहिलं असणार, मग तिसरं. नंतर काय असेल ते असो, पोरांच्या अंगावर नको म्हणून ओला फडका घेऊन प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी पुसलं. मी सातला पोहोचलो तेव्हा फडका त्यांच्या हातात होता आणि ते डब्यांमध्ये आडवे पडले होते. तोंडातून लाळेची धार, अंग घामाने निथळलेलं, दंडाचे स्नायू आपोआप उडत होते. सहाही रोपं स्वच्छ, हिरवीगार.

दवाखान्यात नेलं. औषधाची बाटली दाखवायला नेली. इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी, रविवारी, ते शुद्धीवर आले, बोलू लागले, आणि डॉक्टर म्हणाले, धोका टळला बहुतेक. सोमवारी सकाळी त्यांना श्वास घेता येईना आणि ते गेले. त्यांना तिथेच माती दिली. ओकची रोपंही वाचली नाहीत. पुढच्या एप्रिलमध्ये पानं पांढरी झाली आणि नव्या माळ्याने धूळ म्हणून ती पाइपने धुतली. मी एक पान अंगठ्याने पुसून पाहिलं. खाली पिवळट डाग होता. भुरी आहे, असं मी साहेबांना सांगितलं. पण पुढे काय करायचं ते करणारं कुणी नव्हतं. उन्हाळ्यात एकेक करून सगळी गेली. साहेब-मॅडम त्याच वर्षी मायदेशी परतले.

हे सगळं आधीच सांगून टाकलं, कारण मला चाचा दिसतात ते मेलेले नाहीत, त्या रविवारी दुपारचे.

लोखंडी खाटेवर उशीला टेकून बसलेले. खिडकीतून ऊन पायांवर आलेलं. मॅडम खाटेपाशी खुर्चीत, साहेब तिच्या मागे उभे. मी खाटेच्या दुसऱ्या बाजूला. चाचांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“मॅडमला सांगा, ती भुरी नव्हती. मीठ नव्हता, धूल बी नव्हती. कायतरी लसनीसारखा, कडू. पन पोरांना काय झालेला नाय. शेंडे छाटू नका, गंधक मारू नका. बराबर सांगा हां भाऊ.”

मी बरोबर सांगितलं, शब्दाला शब्द. मॅडमच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. चाचांनी तो उतरलेला पाहिला आणि त्यांना बरं वाटलं.

मग मॅडमने मला विचारलं, “फवारल्याचं त्याला कुणी सांगितलं नव्हतं का? विचार त्याला.”

साहेब माझ्याकडे बघत होते. माझ्या सहीचा कागद त्यांच्या फाइलीत होता. मला नोकरी दिसली, तिथे राहायचा परवाना, इकामा, दिसला, परतीची बोट दिसली. मी चाचांकडे वाकलो.

“मॅडम विचारतायत, आता कसं वाटतंय?”

“बरा हाय म्हनावं.”

मी मॅडमकडे वळलो. “तो म्हणतो, मला सांगितलं होतं, मीच विसरलो.”

तिने डोळे मिटले. तोंडावर हात धरला. साहेबांनी मान हलवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

चाचा तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. बरा आहे, एवढ्या उत्तराला कुणाचं तोंड असं होत नाही. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मी वाट बघत राहिलो. परत सांगा, असं ते म्हणाले असते तर मी परत सांगितलं असतं, असं मी इतकी वर्षं स्वतःला बजावत आलो आहे. ते म्हणाले नाहीत. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, आणि मग उन्हातले पाय हळूच चादरीखाली घेतले.